घरच्या जोडीचं नाव

५ डिसेंबर

ही डायरी खताच्या दुकानवाल्यानं जानेवारीतच दिली होती. आतापर्यंत मी तिच्यावर गरम कढई ठेवत होती, पुठ्ठ्यावर काळा गोल पडला आहे. आज उघडली. कारण घरात भांडायले कोणी उरलं नाही.

रुची माही पोरगी, तिच्या बाबाच्या घशात गाठ होती. गोंदियाच्या डॉक्टरनं काढली. साधी आहे, भिऊ नका म्हणाला, पण महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुज पण नाही. हे सांगताना त्याले वाटलं मी रडीन. मी म्हटलं, कागदावर लिहून द्या साहेब, तोंडी सांगितलेलं हा माणूस ऐकणार नाही.

सगळं आयुष्य बोलण्यात गेलं यांचं. आमच्याकडे धान निघालं की शंकरपट भरते, बैलजोड्या पळतात, त्या पटाच्या माइकवर हेच. कबड्डी असो, खोखो असो, हेच. अन् गावात रेडिओ आणला तो पण यांनीच. 'रेडिओ मैदान'. मिडियम वेववर लागते, जुन्या डब्ब्या-रेडिओवर. बिरसीच्या विमानतळापासून इकडे आमच्या बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पल्याडच्या गावांपर्यंत ऐकू जाते. त्याच्यावर खेळाशिवाय काही नाही. गाणं नाही, भजन नाही, बाजारभाव नाही. मी त्याले सवत म्हणते.

आज विचारलं, भाजीत मीठ जास्त झालं काय. यांनी पाटीवर लिहिलं, 'ठीक'. आता ठीकशी कोणी कसं भांडावं.

८ डिसेंबर

चंद्रकुमार आला होता. माझा दीर. रेडिओची मशीन तोच सांभाळते. चेहरा पडलेला. मी म्हटलं, काऊन रे, मशीन जळली काय.

मशीन ठीक आहे, परवानगी संपत आली आहे. पुढची द्यायची की नाही ते पाहायले नागपूरहून गुंजन मॅडम म्हणून कोणी येणार. एकदा असंच, अन् एकदा आमच्या गावच्या मोठ्या पटाले. तिनं नाही लिहिलं की रेडिओ बंद. त्यात बकारामनं तक्रार धाडली आहे. हा रेडिओ गावाचा नाही, पटल्यांच्या म्हणजे आमच्या घरचा आहे. मशीनवर भाऊ, माइकवर भाऊ, तार बांधली ती पण पटल्यांच्याच आंब्याले.

बकाराम म्हणजे पटात पळणाऱ्या बैलांचा मोठा मालक. त्याची तक्रार खोटी नाही, तार आमच्याच आंब्याले आहे. पण बकाराम खरं बोलून राहिला, हेच मले सहन होत नाही.

आता बोलायचं कोणी? रेडिओ मुका राहिला तर मॅडम पहिल्याच दिवशी कुलूप लावीन. कैलाश मास्तरले बसवून पाहिलं. ते कबड्डी अशी सांगतात जशी शाळेत प्रार्थना. पोरगं चढाई करून, पाय सोडवून, पाणी पिऊन आलं तरी मास्तर त्याच्या नावावरच.

चंद्रकुमार म्हणाला, "वहिनी, तुम्ही बसा. तुमचा आवाज तसाही बोडीच्या पल्याड जाते."

मी म्हटलं मी चौथी शिकली. तो म्हणाला बैल तेवढंही शिकले नाहीत, तरी लोक त्यांले पाहायले येतात.

हे कोपऱ्यात बसून ऐकून राहिले होते. पाटीवर काहीच लिहिलं नाही. पण कान लाल झाले होते. रागानंच झाले असतील. त्यांच्या खुर्चीवर मी बसणार म्हणून.

१० डिसेंबर

बसली बापा एकदाची. शाळेच्या मैदानात कबड्डी होती. निघताना यांनी पाटीवर लिहिलं, 'नम्रपणे बोल.' मी पाटी पुसली.

माइकपुढे पहिले दोनदा खाकरली. नंतर समोर एक पोरगं चढाईले निघालं, त्याले मी आत्ताच हॉटेलात आलूबोंडे खाताना पाहिलं होतं. राहवलं नाही. बोलली, याले कायले पाठवता, याचं पोट टम्म आहे, हा मधल्या रेषेपर्यंत पण वापस येणार नाही. नाहीच आला. सगळं मैदान हसलं. मागून समजलं तो सरपंचाचा भाचा. असू दे. सरपंचाच्या भाच्यानं आधी खेळावं, मग खावं.

मध्येच ते विमान आलं. बिरसीच्या पायलटशाळेची विमानं दिवसभर चकरा मारतात, डोक्यावर आलं की स्वतःचं बोललेलं स्वतःले ऐकू येत नाही. हे बोलायचे तेव्हा विमान जाईपर्यंत थांबायचे. मी काऊन थांबू? माइकवरच म्हटलं, ए वरच्या, तिकडे सारं आभाळ रिकामं पडलं आहे, तिकडे फीर ना. तर खरंच वळलं अन् गेलं.

चंद्रकुमार सांगते, विमानात एक सुई राहते. आपला रेडिओ चालू असला की ती सुई आपल्या तारेकडे वळते. शिकणारी पोरं तिच्यावर सराव करतात, अन् त्यांच्या कानाले आपलंच बोलणं ऐकू येते. दिराले लहानपणापासून गप्पा मारायची सवय आहे.

११ डिसेंबर

बकारामनं हॉटेलात म्हटलं म्हणे, आता तर पटल्यांनी घरची बाई पण बसवली.

मी आज माइकवरूनच निरोप दिला. खुर्ची गावाची आहे, ज्याले बोलायचं त्यानं यावं, बकारामभाऊंनी पहिले यावं. तो आला. इस्तरीचा सदरा घालून आला. माइक समोर केला तर ह्या माणसाच्या तोंडून 'नमस्कार' निघाला अन् त्याच्यापुढे काहीच नाही. घाम पुसत बसला. मीच मग त्याले विचारलं, तुमचे बैल काय खातात. त्यावर मात्र असा बोलला असा बोलला की खोखोचा एक डाव सांगायचाच राहिला.

तक्रार मात्र वापस घेतली नाही. मी विचारलं. म्हणे, ते वेगळं अन् हे वेगळं.

१६ डिसेंबर

गुंजन मॅडमनं फोनवर सांगितलं, स्टेशनचा इतिहास एकदा लोकांसमोर सांगा, मी ऐकीन. यांनी दोन दिवस बसून चार पानं लिहून दिली. पहिल्याच ओळीत 'क्रीडासंस्कृती'. मी पानांची घडी करून टेबलाच्या पायाखाली दिली, टेबल हलत होता. अन् मले जसं माहीत आहे तसं सांगितलं.

पहिले पटाले नुसते भोंगे राहायचे. भोंग्याचा आवाज मैदानापुरता. माणसं पट पाहायले जायची अन् आम्ही बाया वावरात धानाचे भारे बांधायच्या. कोणाची जोडी पळाली, कोणाची पळायची पट्टी सोडून लोकांत घुसली, आम्हाले काहीच समजे नाही. रुची लहान होती तेव्हाची गोष्ट, मी एकदा यांच्याशी कडकड भांडली. तुम्ही तिकडे दिवसभर बोंबलता अन् मी इकडे गुडघाभर धानाच्या तणसात, मले एक शब्द ऐकू येत नाही, मंग कोणासाठी बोंबलता.

त्याच्यानंतर हे गोंदियाच्या एका म्हाताऱ्या रेडिओवाल्या साहेबाच्या मागे लागले. सरकारी नोकरीतून निवृत्त झाला होता, मशीन बांधायचा शौक होता. दोन वर्षं सायकलनं खेटे घातले. परवानगीसाठी नागपूर, मंग दिल्ली. मशीन आली, गोदामाच्या माडीवर बसली, आंब्यापासून बोडीच्या पाळीवर बांबू रोवून तार ओढली. अन् पहिला डब्बा-रेडिओ आणला तो माह्या भाऱ्यांजवळ, बांधावर ठेवून दिला. एवढी खटपट कायले केली, ते यांचं यांलेच माहीत. शौक असते एकेकाले.

तारेवर मी पहिल्याच हप्त्यात ओली नऊवारी साडी वाळू घातली होती ते पण सांगितलं. कबड्डीची फायनल चालू होती. रेडिओ घोगरा झाला अन् मंग गपच. सगळे मशीन खोलून बसले. मी साडी काढून आणली तेव्हा आवाज वापस आला. मले कोणी काही बोललं नाही, कारण कोणाची हिंमत नव्हती. मध्ये काही वर्षं कोर्टाच्या बंदीनं पट बंदच होते, तेव्हा लोक म्हणायचे आता रेडिओ कायले पायजे. हे गल्लीतल्या पोरांचं विटीदांडू पण सांगायचे, पण एक दिवस बंद ठेवला नाही.

घरी आली तर हे पाठमोरे बसले होते. चहा दिला तरी वळले नाहीत. चार पानं टेबलाखाली घातली म्हणून रुसले असतील. बायकोनं नाक कापलं असं वाटलं असेल.

२१ डिसेंबर

खेळ संपला की लोकांचे फोन येतात. चंद्रकुमार मोबाइल माइकजवळ धरते. आज एक नवाच माणूस होता. इटियाडोह धरणाकडून बोलतो म्हणाला, नाव राहू द्या. आवाज घोगरा, जसा कोणी दुपट्टा तोंडावर धरून बोलते. म्हणाला, "बाई, तुम्ही बोलता तेव्हा मैदान डोळ्यापुढे उभं राहते. तुम्ही हे सोडू नका."

मी म्हटलं भाऊ, घशाले हळद-दूध घ्या. एवढ्या लांब इटियाडोहपर्यंत आपला रेडिओ जाते हे मलेच माहीत नव्हतं. चंद्रकुमार म्हणते, हवा चांगली असली की जाते.

घरी येऊन यांले सांगितलं. एक अनोळखी माणूस दोन शब्द बरे बोलते, अन् घरचा माणूस पाटीवर 'ठीक' लिहिते. हे आत्ताच वावरातून आले होते, दुपट्टा झटकून राहिले होते. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ठीक.'

२९ डिसेंबर

यांले डॉक्टरकडे न्यायचं होतं. मले कबड्डी होती, चंद्रकुमार घेऊन गेला. वापस आले तर यांनी पाटी पुढे केली, 'अजून एक महिना बोलणं बंद.'

चंद्रकुमार तोंडावर रुमाल दाबून खोकत होता, डोळ्याले पाणी आलेलं. त्याले पण घशाचं काही झालं वाटते. मी दोघांले काढा दिला. दोघांनी मुकाट्यानं पिला.

मले मनातून वाईट वाटलं. पहिले वाटलं होतं महिनाभर शांतता मिळीन. पण माणूस बोलत नाही म्हणजे घर कसं, तारेवर साडी टाकल्यासारखं.

४ जानेवारी

जानेवारी आला म्हणून डायरी परत पहिल्या पानावर आणली. छापलेले वार चुकतात. चुकू दे.

आज शेजारच्या गावचा पट. माचानावर माइक घेऊन बसली. गुंजन मॅडम येऊन बसली होती, बारीकशी पोरगी, पण नजर घारीसारखी.

पटाची रीत अशी आहे की जोडी सुटायच्या आधी मालकाचं नाव पुकारायचं. नाव, बापाचं नाव, गाव. मालक पट्टीच्या त्या टोकाले बैलांजवळ उभा राहते, नाव पुकारलं की जोरानं ओ देते, मंग झेंडी पडते अन् जोडी सुटते. लोक बक्षिसापेक्षा त्या पुकाऱ्यासाठी येतात. आपलं नाव चार गावात ऐकू गेलं पायजे.

मी सगळ्यांचे पुकारे केले. बकारामचा पण केला. मंग आमची जोडी आली, चांद्या अन् भवऱ्या. मी म्हटलं, आता घरची जोडी येऊन राहिली आहे.

मी काही नवीन केलं नाही. हे पण असंच म्हणायचे. स्वतःच्या तोंडानं स्वतःचा पुकारा कोण करते, बरं दिसत नाही. म्हणून 'घरची जोडी' म्हणायचे अन् सोडून द्यायचे. अन् मी तर बायको. लग्न झाल्यापासून यांचं नाव तोंडातून काढलं नाही. राशन दुकानात पण बोटानं कार्डावर दाखवते. या डायरीत पण नाही लिहिलं, मागची पानं पाहिली तेव्हा लक्षात आलं.

बकाराम मॅडमच्या मागे उभा होता. म्हणाला, "ऐकलं ना मॅडम? घरची जोडी. कोणाच्या घरची? गावाच्या रेडिओवर घर कुठून आलं?"

लोक हसले. मॅडम हसली नाही. उतरल्यावर तिनं मले बाजूले घेतलं. म्हणाली, काकू, तुम्ही छान बोलता, पण ही तक्रार मले खोटी ठरवता आली पायजे. मोठ्या पटाले मी समोर बसणार नाही, दूर गाडीत रेडिओ लावून नुसतं ऐकणार. जसा बकारामजींचा पुकारा तसाच तुमच्या जोडीचा. ऐकणाऱ्याले समजलं नाही पायजे की माइकवर कोणाची बायको आहे.

मी म्हटलं ठीक. नंतर घरी येईपर्यंत डोक्यात एकच, यांचं नाव घ्यावं लागणार.

१४ जानेवारी

तिळाचे लाडू वळताना शेजारची अंजू आली. ती म्हणते तिनं काल वावरात रुचीच्या बाबाले बैलांशी बोलताना ऐकलं. चांद्या, डावीकडे दाब, असं. मी म्हटलं बाई, ते विमानाचं ऐकलं असशील. ज्या माणसाले डॉक्टरनं बंदी केली तो बैलांशी बोलून राहिला अन् माह्याशी नाही, असं होईल काय.

तिले नावाचं सांगितलं. तिनं पण नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, म्हणून तिचा काही उपयोग झाला नाही. रुचीले फोन लावला. ती नागपूरले नोकरीवर आहे, नवऱ्याले नावानं हाक मारते, तीही 'अरे' लावून. ती म्हणाली आई, त्यात काय, बोलून टाक. त्यात काय म्हणे. अंगावरचं मंगळसूत्र काढून रस्त्यात ठेव म्हटल्यासारखं आहे ते.

चंद्रकुमारले म्हटलं आमची जोडी यंदा पळवूच नका. त्यानं पहिल्यांदा माह्याकडे रागानं पाहिलं. म्हणाला, "वहिनी, सारी जिंदगी दादानं जगाचे पुकारे केले. त्याचा कोणी केला काय?"

मी लाडू वळत राहिली. लाडू कडक झाले.

२३ जानेवारी

सराव करून राहिली. बोडीवर कपडे धुताना, आजूबाजूले कोणी नसलं की. पहिलं अक्षर येते. पुढचं येत नाही. पाण्यात एक म्हैस होती, तिनं मान वळवून पाहिलं तर मीच लाजली.

संध्याकाळी इटियाडोहवाल्याचा फोन होता. हल्ली प्रत्येक खेळाले येते. माइक बंद झाल्यावर मी त्याले विचारलं, भाऊ, तुमच्या बाईनं तुमचं नाव चार गावात घेतलं तर तुम्हाले कसं वाटेल, राग येईल काय.

मले वाटलं लाइन गेली. मंग म्हणाला, "राग नाही येणार, बाई." अन् फोन ठेवला. त्याच्या मागून बैलाच्या गळ्यातल्या घुंगराचा आवाज येत होता. त्याच्याकडे पण बैल आहेत वाटते. विचारायचं राहिलं.

२ फेब्रुवारी

रात्र फार झाली आहे. तरी लिहिते, उद्या विसरीन.

आज आमचा मोठा पट. बोडीखालच्या वावरांत दोन पट्ट्या आखल्या, लोक पाळीवर, झाडांवर, ट्रॅक्टरवर. पळसगाव, आमगाव, पार इटियाडोहकडून जोड्या आल्या. मी माचानावर. चंद्रकुमारनं यंदा सुटायच्या जागी पण एक माइक लावला, घुंगराचा अन् मालकाच्या 'ओ'चा आवाज रेडिओवर यावा म्हणून. गुंजन मॅडम दूर, राइस मिलच्या आवारात गाडीत बसून ऐकत होती.

सकाळपासून पुकारे केले. जी जोडी बिचकली तिले बिचकली म्हटलं, ज्या मालकानं बैलाच्या शेपटीले हात लावला त्याले माइकवरच म्हटलं शेपटी सोड, मी पाहून राहिली. बकारामची जोडी अशी पळाली की पट्टीवर धूळ उडाली अन् धुळीच्या पुढे बैल. मनावर दगड ठेवून सांगितलं, आतापर्यंत यांच्यासारखी जोडी पळाली नाही, टाळ्या वाजवा. बकाराम माचानाखाली उभा होता. त्याले वाटलं मी काही तरी कमी सांगीन. कमी कायले सांगू. बैलांनी काय तक्रार केली होती?

दुपारनंतर आमची जोडी. त्या टोकाले आमचा गडी मोनू हाकायले बसला, अन् हे चांद्याचं जू धरून उभे. एवढ्या दुरून नुसता पांढरा दुपट्टा दिसत होता. लोक माचानाकडे वळले. सगळ्या गावाले माहीत होतं, आज मले यांचं नाव घ्यायचं आहे.

मी माइक धरला. पहिलं अक्षर आलं. थांबली. खाली कोणी तरी हसलं. मंग मले तो बांधावरचा डब्बा-रेडिओ आठवला, कायले ते माहीत नाही. डोळे मिटले अन् म्हटलं,

"जोडी, रामलाल तुकाराम पटले यांची. रामलाल तुकाराम पटले, तयार आहे काय?"

दोनदा म्हटलं. एकदा म्हटल्यावर दुसऱ्यांदा काही जड गेलं नाही.

अन् नेमकं तेव्हाच ते विमान माचानावर आलं. असं खाली आलं की काही म्हणजे काही ऐकू येईना. मी पाहिलं तर सगळे लोक तिकडच्या टोकाकडे माना वळवून, तोंडं उघडी. ज्याच्या हातात रेडिओ होता तो रेडिओ डोक्यावर धरून नाचून राहिला होता. कोणी टोप्या उडवल्या. मी चंद्रकुमारले ओरडून विचारलं काय झालं, त्यानं कानाले हात लावून दाखवलं की ऐकू येत नाही. मले राग आला. एवढं नाव घेतलं अन् सगळा पुकारा विमानानं खाल्ला. माइकवर म्हटलं, ए वरच्या, आज तरी माह्या घरधन्याचा मान राहू दे, चल निघ. ते पंख डावीकडे झुकवून, मंग उजवीकडे झुकवून, गेलं निघून बिरसीकडे. तेव्हा तर लोक जास्तच ओरडले.

झेंडी पडली. जोडी सुटली. चौथी आली. दरवर्षी चौथी किंवा पाचवीच येते.

यांले ओ देता आली नाही म्हणून पंच काही अडवतील असं मले वाटलं होतं. बिचारा मुका माणूस, काय करीन. पण पंचांनी काही म्हटलं नाही, उलट तेच डोळे पुसून राहिले होते. धूळच फार होती आज.

संध्याकाळी गुंजन मॅडम आली. तिच्या पण डोळ्यात धूळ. तिनं माहे दोन्ही हात धरले अन् म्हणाली, काकू, मी विचारणार होती की हा रेडिओ ऐकते कोण. आता विचारत नाही, वरचे पण ऐकतात. मी म्हटलं मॅडम, ते 'घरधनी' चुकून निघालं, मोजू नका. ती म्हणाली नाही मोजणार. मागे बकाराम उभा होता, पहिल्या नंबरची ढाल बगलेत धरून. मॅडमले म्हणाला, तो कागद फाडा माहा. अन् मले म्हणाला, पुढच्या साली तार माह्या जांभळाले पण बांधा, तुमचा आंबा एकीकडेच झुकला आहे.

घरी आली तर यांनी चूल पेटवून ठेवली होती. भात पण लावला होता. कच्चा होता. ताटातला सगळा खाल्ला.

३ फेब्रुवारी

अंजू सकाळीच आली. म्हणते भावजींची ओ काय खणखणीत आली रेडिओवर, तिच्या सासूच्या अंगावर काटा आला. मी म्हटलं अगं ते चंद्रकुमारनं जुन्या पटाची कुठली तरी टेप लावली असेल, पंचांनी अडवू नये म्हणून. तसा तो हुशार आहे. अंजू माह्याकडे पाहत राहिली, मंग पदर तोंडात कोंबून घरी गेली. या गावात सगळ्यांलेच घशाचं झालं आहे.

१० फेब्रुवारी

परवानगी आली. पाच वर्षांची. चंद्रकुमारनं पेढे आणले. मॅडमनं अट टाकली आहे की बोलणारी बाईच राहावी. मी म्हटलं, यांचा घसा बरा झाला की मी उठणार. चंद्रकुमार म्हणाला दादा, डॉक्टर काय म्हणाला. यांनी पाटी काढली अन् लगेच लिहिलं, 'अजून वेळ लागेल.' लिहिताना तोंड असं उजळलं होतं जसं काही गाठ नाही, बक्षीस निघालं घशातून.

वाईट वाटते, पण काय करणार. मार्चमध्ये पोरींची कबड्डी आहे, ती पण मलेच सांगावी लागणार. दुसरं आहे कोण.

आज खेळ नव्हता तरी इटियाडोहवाल्याचा फोन आला. आवाज आता पुष्कळ साफ झाला आहे, हळद-दूध लागू पडलं. म्हणाला परवानगीचं ऐकलं, आनंद झाला. चांगला माणूस आहे. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही एवढ्या लांबून ऐकता, नाव काही सांगत नाही. यंदा नाव सांगा, पुढच्या पटाले तुमचा पुकारा करते, तोंडभरून करते.

तो म्हणाला, "झाला बाई माहा पुकारा."

अन् फोन ठेवला. आता कधी झाला? त्या दिवशी सकाळपासून किती जणांची नावं घेतली, मी कोणाकोणाले लक्षात ठेवू.